ट्रेमोलो बदलूनही गिटार सुरातून उतरते, फ्रेटबोर्डचा काळा रंग बोटांना लागतो: दोन्हींवर उपाय

फ्लॉइड रोज जातीच्या ट्रेमोलोचा, म्हणजे तारा ताणून-सैल करून सूर हलवणाऱ्या ब्रिजचा, बार (दांडा) दाबला, सोडला, आणि सगळ्या तारा किंचित उतरलेल्या. ट्रेमोलो जुना झाला असेल म्हणून नवा बसवला, ताराही नव्या घातल्या, थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. अशा गिटारींत एक गोष्ट वारंवार दिसते. ब्रिज नवा कोरा असतो, पण तो ज्या स्टडवर, म्हणजे दोन जाड स्क्रूंवर, झुलतो आणि ते स्टड ज्या लाकडात रोवलेत, तिकडे कोणी पाहिलेलंच नसतं. दुसरी तक्रार बरेचदा त्याच गिटारीची असते. ब्रिज आणि नट (नेकच्या डोक्याकडच्या टोकाला तारा धरणारा भाग) निघालेच आहेत तर फ्रेटबोर्डही, म्हणजे बोटं फिरतात ती लाकडी पट्टीही, काळीभोर करून घेऊ, म्हणून रंग लावलेला असतो. मग पहिल्याच घामट संध्याकाळी बोटांची टोकं काळी होतात आणि जिथे हात जास्त फिरतो तिथे राखाडी डाग पडतात.

ही दोन्ही कामं एकत्र करणं योग्यच आहे. फक्त आधी दोष कुठे आहे ते शोधायचं, मग कामाचा क्रम लावायचा, आणि नवा ब्रिज विकत घ्यायचा की नाही हे त्यानंतर ठरवायचं. बऱ्याच गिटारींना नवा ब्रिज लागतच नाही.

दोष नेमका कुठे आहे

फ्लॉइड रोज यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या ट्रेमोलोची रचना केली आणि १९७९ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. तार दोन्ही टोकांना, म्हणजे नटपाशी आणि सॅडलमध्ये (ब्रिजवरच्या तार धरणाऱ्या तुकड्यात), आवळून टाकायची, की मधल्या भागात तिला सरकायला जागाच उरत नाही. नट आवळला की डोक्याकडच्या खुंट्यांचा सुराशी संबंध संपतो. म्हणून नट आवळलेला असताना सूर उतरत असेल तर महागड्या खुंट्या घेण्यात पैसे घालू नका. संशय घ्यायला जागा थोड्याच उरतात: नटची पकड, सॅडलची पकड, ब्रिज झुलतो ते दोन स्टड, आणि मागच्या स्प्रिंगा.

यातल्या स्टडवर किती भार असतो याची कल्पना असावी. साडेपंचवीस इंची स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीच्या तारा नेहमीच्या ई ट्यूनिंगमध्ये लावल्या की एकूण ताण ३८ किलोच्या घरात जातो, आणि ०.०१० ते ०.०४६ घातल्या तर ४७ किलोच्या आसपास. हा ताण ब्रिजला पुढे ओढतो, स्प्रिंगा त्याला मागे खेचतात, आणि दोन्हींचा भार येतो तो ब्रिजच्या पट्टीच्या पुढच्या दोन बारीक धारांवर. सोनाराचा जुना तराजू जसा एका धारेवर तोललेला असतो, तशीच ही रचना आहे. धार बोथट झाली की तराजू बरोबर मधोमध थांबत नाही, आणि गिटारीत हेच ‘बेसूर’ म्हणून ऐकू येतं.

आता तपासणी. पहिली तपासणी बारला हात न लावता करायची. गिटार सुरात लावा, नट आवळा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी सगळ्या तारा थोड्या थोड्या, एकाच दिशेने सरकलेल्या असतील तर ते बहुधा हवेचं आणि नेकचं काम आहे. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, नेकचा बाक बदलतो आणि तरंगता ब्रिज त्या बदलाला लगेच प्रतिसाद देतो. मुंबईत किंवा कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ही तक्रार हटकून वाढते. अशा वेळी ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) आणि स्प्रिंगांचा तोल पुन्हा साधला की पुरतं, भाग बदलावे लागत नाहीत.

दुसरी तपासणी बार वापरून. ट्यूनर समोर ठेवा. बार पूर्ण खाली दाबून हळूच सोडा आणि जी तारेचा सूर पाहा. मग बार वर ओढून सोडा, पुन्हा पाहा. खाली दाबल्यावर सूर किंचित उतरलेला आणि वर ओढल्यावर किंचित चढलेला राहत असेल, आणि सगळ्या तारांचं असंच होत असेल, तर ब्रिज स्टडवर अडतोय. ज्या बाजूला नेला त्या बाजूलाच तो थोडा थांबून राहतो. याउलट एखादीच तार उतरत असेल आणि बाकीच्या जागेवर असतील तर ती तार कुठेतरी सरकतेय.

सरकणारी तार पकडायला साधा मार्कर पेन पुरतो. नटच्या दोन्ही बाजूंना, पट्टीला अगदी लागून, तारेवर बारीक ठिपका द्या. सॅडलपाशीही तसाच ठिपका द्या. जोरात चार-पाच डाइव्ह मारा, म्हणजे बार पूर्ण खाली दाबून सोडा, आणि भिंगातून पाहा. ठिपका आणि नटच्या कडेत केसभर जरी फट दिसली तरी तार तिथून निसटतेय. नटपाशी असं होत असेल तर चौकोनी पट्ट्यांच्या खालच्या बाजूला तारेने खाच पाडलेली असते. त्या पट्ट्या सुट्या मिळतात. त्या उलट्या करून किंवा बदलून बसवा. सॅडलमध्ये निसटत असेल तर तार दाबणारा छोटा पोलादी ठोकळा काढून पाहा. त्याच्या तोंडावर खोल चर असेल, तर स्क्रू कितीही आवळला तरी उपयोग नाही. उलट आटे जातात. हे ठोकळेही सुटे मिळतात. कडेची तार तिरकी धरली गेली तर ठोकळा एका बाजूने चेपतो, म्हणून तार बसवताना ती ठोकळ्याच्या बरोबर मधोमध उभी आहे ना, हे पाहायची सवय लावा. तारेचा गोळा कापताना गुंडाळलेला जाड भागही कापला गेला पाहिजे. तो पिळा चिमट्यात आला तर पकड कधीच नीट बसत नाही.

अजून एक खूण. नट आवळताना सगळ्या तारा चढत असतील तर दोष नटमागच्या आडव्या पट्टीचा आहे. तारा आवळण्याआधीच नटच्या पृष्ठभागावर पूर्ण टेकलेल्या हव्यात. टेकल्या नाहीत तर आवळताना त्या दाबल्या जातात आणि ताण वाढतो. आडव्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे आवळून ती खाली आणा, की झालं.

स्टड आणि धार: खरी दुखरी जागा

वरच्या दोन्ही तपासण्यांनंतर बोट स्टडकडे वळलं असेल तर तारा सैल करा, ब्रिज काढा आणि टॉर्च घ्या. पट्टीच्या पुढच्या धारेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं किंवा खरखर लागली तर धार खराब आहे. तिथे चमकणारा सपाट पट्टा दिसतो. स्टडच्या खोबणीतही अशीच पाचर पडलेली असते. हे बहुधा एकाच सवयीने होतं: तारा पूर्ण ताणलेल्या असताना ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, कमी-जास्त करायला स्टड फिरवणं. तेवढ्या भाराखाली स्टड फिरवला की धार त्याच्यावर घासते. ॲक्शन बदलायची असेल तर आधी तारा सैल करा. ही एक सवय पाळली तर चांगल्या पोलादाची धार वर्षानुवर्षं टिकते.

धार चांगली असूनही ब्रिज परत जागेवर येत नसेल तर स्टड लाकडात हलतोय का ते पाहा. ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तारा सुरात असताना बार दाबत राहा आणि स्टडभोवतीच्या वॉर्निशकडे बारकाईने पाहा. स्टडच्या कडेला बारीक काळी रेषा उघडते आणि मिटते. कधी स्टडपासून नेककडे गेलेली तडाही दिसते. बासवूडसारख्या मऊ लाकडाच्या बॉडीत हे फार होतं. धातूची बाहेरची नळी लाकडात सैल झालेली असते आणि ती थोडी जरी झुकली तरी सूर जातो. अशा गिटारीवर जगातला कुठलाही ब्रिज बसवा, तक्रार परत येणारच.

उपाय कष्टाचा आहे पण पक्का. नळी बाहेर काढायला भोकात छोटा स्क्रू टाका, मूळ स्टड त्याच्यावर आवळत जा, नळी आपोआप वर येते. मग भोक स्वच्छ करून कठीण लाकडाची, मेपल किंवा बीचची, खुंटी फेव्हिकॉलने ठोकून पूर्ण बुजवायची आणि एक दिवस वाळू द्यायची. सागवान वापरू नका. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे गोंद नीट धरत नाही. वाळल्यावर नळीच्या मापाचं, साधारण १० मिलिमीटरचं, नवं भोक पाडायचं. हे ड्रिल स्टँडवरच करा. हातात ड्रिल धरून पाडलेलं भोक तिरकं गेलं तर दोन्ही स्टड समांतर राहत नाहीत. नळी थोडीशीच सैल असेल तर खुंटी न घालता ॲराल्डाइटचा पातळ थर पुरतो, पण तडा गेलेली असेल तर तिच्यात आधी पातळ गोंद उतरवून शिकंजा लावायला हवा.

नवा ब्रिज घ्यायचाच असेल तर

धार खरोखर गेली असेल तर नवा घ्या. घेण्याआधी कॅलिपरने मोजा. दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मूळ फ्लॉइड रोजमध्ये ७४ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण परवान्याखाली बनलेल्या ब्रिजांत ते वेगळं असू शकतं. मिलिमीटरभराचा फरकही एक धार स्टडवर तिरकी बसायला पुरेसा असतो. इबानेझच्या एज जातीच्या ब्रिजचे स्टड आणि धारेची रचना वेगळी असते, त्यामुळे मूळ फ्लॉइड रोज त्यांच्या स्टडवर ठेवून चालत नाही. पुढे ब्रिजखाली लोंबणाऱ्या ठोकळ्याची उंची: ३२, ३७ आणि ४२ मिलिमीटर ही नेहमीची मापं. बॉडी पातळ असेल तर ४२चा ठोकळा मागच्या झाकणाला लागतो. नटची रुंदीही मोजा. आर-२, आर-३, आर-४ अशा नावांनी वेगवेगळ्या मापांचे नट मिळतात आणि नेकपेक्षा रुंद नट घेतला तर त्याचा कोपरा हातात रुततो.

दर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्पेशल मालिकेत सॅडल आणि ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. बार कधीतरीच वापरणाऱ्याला ते पुरतात. १००० मालिका कोरियात बनते आणि त्यातले भाग मूळ ब्रिजशी बरेच मिळतेजुळते असतात. मूळ ब्रिज जर्मनीत शालर बनवतं. बार रोज वापरणार असाल तर १००० च्या खाली उतरू नका. गोटोचा जीई१९९६टी हाही उत्तम ब्रिज आहे, फक्त त्याची मापं तुमच्या बॉडीशी जुळतात का ते आधी पाहा.

ब्रिज काढताना एक लहान गोष्ट सांभाळा. मागच्या पोकळीत स्प्रिंगा अडकवलेल्या क्लॉला अर्थिंगची तार डाखलेली असते. क्लॉ ओढाताणीत फिरला तर ती तुटते आणि नंतर ॲम्प गुणगुणायला लागला की लोक पिकअपला दोष देतात.

फ्रेटबोर्ड काळा करणं

ब्रिज आणि नट निघालेत, स्टडच्या खुंटीचा गोंद वाळतोय. रंगकामाची हीच वेळ. नट काढलेला असणं महत्त्वाचं आहे, कारण नटखालचा फ्रेटबोर्डचा भाग नंतर झाकला जातो आणि रंगाचा नमुना तिथेच घेऊन पाहता येतो.

आधी बोर्ड कशाचा आहे ते ओळखा. वॉर्निश केलेला मेपलचा बोर्ड असेल तर हे काम करूच नका. रंग वॉर्निशवर बसतो, लाकडात जात नाही. शिसवी बोर्ड उत्तम रंग घेतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारींवर मात्र आता शिसवीऐवजी दुसरं लाकूड दिसतं. साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या जवळपास सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, टाकल्या, तेव्हा कारखान्यांनी पर्याय शोधले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी पर्यायी लाकडं टिकून राहिली. स्क्वायरच्या कितीतरी गिटारींवर लिहिलेलं ‘इंडियन लॉरेल’ म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलातला ऐन. त्याचा तपकिरी, रेघारेघांचा बोर्ड अनेकांना फिका वाटतो आणि म्हणूनच काळा करायची इच्छा होते. ऐन रंग चांगला धरतो, पण त्याची छिद्रं मोठी असल्याने एका हातात काम होत नाही.

रंग बोटांना लागतो याचं पहिलं कारण तेल. बोर्डावर वर्षानुवर्षं लेमन ऑइल चोपडलेलं असतं, त्यात बोटांचा मळ. रंगाला लाकूड भेटतच नाही, तो या थरावर बसतो. म्हणून फ्रेटांच्या, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडेचा मळ जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून काढा, मग पांढऱ्या सुती कापडावर लायटर फ्लुइड किंवा व्हाइट पेट्रोल घेऊन पुसत राहा. कापडावर तपकिरी उतरणं थांबेपर्यंत कापड बदलत पुसायचं. शेवटी बोर्डावर थेंबभर पाणी टाकून पाहा. लगेच शोषला गेला तर लाकूड उघडं आहे. थेंब गोळा होऊन बसला तर अजून तेल किंवा कारखान्याचा थर बाकी आहे, आणि तिथे ४०० नंबरच्या कागदाने हलकं, रेषांच्या दिशेने घासावं लागेल. घासण्यासाठी स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप टेपने पूर्ण झाकून घ्या. चुंबकाला चिकटलेला लोखंडी भुसा काढणं अतिशय किचकट आहे.

दुसरं कारण रंगाची जात. बूट पॉलिश, फर्निचरचा जाड स्टेन किंवा तेलात घोटलेला काळा रंग वर थर करून राहतो. पाण्यातला रंग लाकडाचे धागे उभे करतो. इथे हवा स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग: चामड्याला लावतात तो अल्कोहोलवर आधारित काळा रंग, किंवा फ्रेंच पॉलिशवाले वापरतात ती स्पिरिटमध्ये विरघळणारी काळी पावडर. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपासच्या रंगाच्या दुकानांत ‘स्पिरिटचा काळा’ विचारून पाहा. पावडर स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवून सुती कापडातून गाळून घ्या. न विरघळलेले कण हेच नंतर बोटांना लागतात.

आपल्याकडे काळं करण्याची जुनी रीतही आहे आणि तिच्याबद्दल विचारणारे भेटतात. हिरड्यातल्या टॅनिनची हिराकसाशी, म्हणजे लोखंडाच्या क्षाराशी, अभिक्रिया झाली की गडद काळा रंग धरतो. शाई आणि कापड रंगवण्यासाठी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. हिरडा आणि ऐन एकाच कुळातले, ऐनातही टॅनिन असतं, त्यामुळे लॉरेलच्या बोर्डावर लोखंडाचं पाणी लावलं की तो डोळ्यांसमोर काळवंडतो. ही अभिक्रिया लाकडाच्या आत होते, म्हणून रंग बोटांना लागत नाही. कोऱ्या, फ्रेट न बसवलेल्या बोर्डासाठी ही रीत मला मनापासून आवडते. पण फ्रेट बसलेल्या बोर्डावर नको. पाण्याने धागे उभे राहतात, आम्लाने फ्रेटचा धातू काळवंडतो आणि फ्रेटखालच्या खाचांत उतरलेला क्षार धुऊन काढता येत नाही.

झाकपाक नीट करा. बोर्डाच्या कडेला पांढरं बाइंडिंग असेल तर स्पिरिट टेपखाली झिरपतं आणि पांढऱ्या प्लास्टिकवर निळसर डाग राहतो. टेप लावून तिची कड नखाने दाबत जा. शिंपल्याचे इनले (बोर्डात बसवलेल्या खुणा) असतील तर त्यांच्यावरही टेप. बाइंडिंग आणि प्लास्टिकजवळ ॲसिटोन आणू नका, ते विरघळतं. फ्रेटवर रंग गेला तर काळजी नाही, तो पुसून निघतो.

आता लावणं. हातमोजे, उघडी खिडकी, जवळपास ज्योत नको. कापडाच्या छोट्या बोळ्याने दोन फ्रेटांमधला एकेक खण ओला करा, थबथबीत नाही. अर्ध्या मिनिटात कोरड्या कापडाने जादा रंग काढून टाका. फ्रेटच्या मुळाशी रंग साचतो, तिथे कापड नखाने दाबून फिरवा. पहिला हात पूर्ण वाळला की दुसरा. शिसवीला दोन पुरतात, ऐनाला तिसरा लागू शकतो. मग रात्रभर ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या पांढऱ्या कापडाने जोरात घासत बसा. कापड काळं होतं, ते बदला, पुन्हा घासा. कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक जण इथेच थांबतात, पण बोटांना लागणारा रंग याच घासण्याने निघतो. कापड स्वच्छ राहायला लागलं की चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात कापड भिजवून, घट्ट पिळून, एका फ्रेटवर घासा. घामाची परीक्षा हीच. स्पिरिटने परीक्षा घेऊ नका, स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग त्यात निघणारच.

ओल्या कापडावर रंग येत नसेल तर उकळलेल्या जवस तेलाचा अगदी पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटांत कोरडं पुसून काढा आणि दोन दिवस वाळू द्या. तेलाची कापडं चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. कापड पाण्यात बुडवा किंवा मोकळं पसरून वाळवा. पुढे सहा महिन्यांनी राखाडी डाग दिसला तर घाबरू नका. रंग लाकडात फार खोल जात नाही, जिथे नखं घासतात तिथे तो झिजतो. तेवढाच खण साफ करून पुन्हा रंगवला तरी सांधा दिसत नाही.

जुळवणी

बोर्ड वाळला, स्टड पक्के झाले. आधी नट. त्याखाली रंगाचा साचलेला थर नसावा, नट लाकडावर सपाट बसला पाहिजे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर पातळ कागद जाईल एवढी फट हवी. जास्त असेल तर नटखालच्या पत्र्याच्या पट्ट्या कमी करा. कमी असेल तर घाला. नटचे स्क्रू आणि त्यांची लाकडातली पकड तपासा. नट स्वतः डुलत असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

ब्रिज बसवण्याआधी धारेवर आणि स्टडच्या खोबणीत पेट्रोलियम जेलीचा अगदी बारीक ठिपका. दमट गावात गंजही त्यानेच रोखला जातो.

तरंगता ब्रिज सुरात लावताना एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, म्हणून माणसं वैतागतात. यावर लाकडाची पाचर हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. मागचं झाकण काढा. ब्रिजचा ठोकळा आणि पोकळीची शेपटाकडची भिंत यांच्यात लाकडाचा तुकडा घाला, असा की ब्रिजची पट्टी बॉडीला समांतर राहील. तुकडा जाड-पातळ करायला बिझनेस कार्डांचे थर उपयोगी पडतात. क्लॉचे स्क्रू सैल ठेवा. आता तारा ठोकळ्याला त्या पाचरेवर दाबून धरतात, ब्रिज हलू शकत नाही, आणि साध्या गिटारीसारखं ट्यूनिंग करता येतं. नट उघडाच ठेवून तारा बोटांनी ओढून ताणा, पुन्हा लावा, पुन्हा ताणा, तारा उतरायच्या थांबेपर्यंत. मग क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेरीने, सारखे आवळत जा. एक क्षण असा येतो की पाचर बोटाने हलवली तर सैल लागते आणि हळूच निघते. तारा आणि स्प्रिंगा त्या ठिकाणी तोलल्या गेल्या. ट्यूनरवर पाहा, सूर जवळपास तिथेच असेल. हलक्या तारांना तीन स्प्रिंगा बहुतेक वेळा पुरतात. जाड तारा घातल्या आणि क्लॉचे स्क्रू तळाला जाऊनही ब्रिज पुढे झुकत असेल तर चौथी घाला.

मग ॲक्शन, आणि ती बदलताना तारा सैल करायला विसरू नका. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक तार वरच्या फ्रेटांवरही सुरात लागेल असं करणं. फ्लॉइड रोजमध्ये इंटोनेशनसाठी सॅडल सरकवताना त्या तारेचा ताण काढावा लागतो, नाहीतर स्क्रू सुटताच सॅडल उडी मारून पुढे येतं. बारावा फ्रेट हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून वाजवलेल्या सुरापेक्षा) चढा वाजत असेल तर सॅडल मागे, उतरता वाजत असेल तर पुढे. सगळं झालं की फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे सूर बारीक लावायचे स्क्रू) अर्ध्यावर आणा, खुंट्यांनी पुन्हा सुरात लावा आणि मगच नट आवळा. ॲलन कीच्या आखूड बाजूने हात घट्ट बसेपर्यंत आवळणं पुरतं. लांब बाजू वापरून जोर लावला की आटे जातात.

पहिला आठवडा फाइन ट्यूनरने थोडं थोडं चढवावं लागेल, तारा अजून बसत असतात. एखाद्या तारेचा फाइन ट्यूनर पूर्ण आत गेला तर नट उघडा, ट्यूनर परत मधोमध आणा, खुंटीने लावा, आवळा. एकच तार वारंवार असं करायला लावत असेल तर मार्करचा ठिपका पुन्हा द्या आणि ती नटपाशी निसटतेय की सॅडलपाशी, ते पाहा.